नागपट्टणचा चूडामणी विहार

तंजावर म्हटले की मराठी मनाला भोसल्यांची गादी आठवते, सरस्वती महाल आठवतो, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 साली कोरविलेला तो प्रदीर्घ मराठी शिलालेख आठवतो. त्याच देवळाच्या शिल्पांत बोधिवृक्षाखाली बसलेला बुद्धही आहे, ही वार्ता मात्र थोड्यांनाच असते. परम शिवभक्त राजराज चोळाच्या मंदिरात बुद्ध कसा? त्या काळाचे मन ओळखायचे तर पूर्वेला सुमारे 80 किलोमीटरवर, समुद्रकाठच्या नागपट्टणला जावे. हे बंदर 1991 पर्यंत तंजावर जिल्ह्यातच मोडत असे.

तेथे सुमात्रा-मलायाकडील श्रीविजय राज्याच्या मारविजयोत्तुंगवर्म्याने पित्याच्या, चूडामणिवर्म्याच्या, नावाने बौद्ध विहार उभारला. राजराजाने 1006 च्या सुमारास त्याला आनैमंगलम गाव इनाम दिले. हत्तीण फिरवून गावाची शीव आखली गेली. ‘कलम’ नावाच्या मापाने 8943 कलम भात सारा म्हणून ठरला. पित्याच्या पश्चात राजेंद्र चोळाने हे दान ताम्रपटांवर कोरविले. पत्रे 21; पाच संस्कृत, सोळा तमिळ.

आणि याच राजेंद्राने 1025 च्या सुमारास श्रीविजयावर आरमार धाडले! ज्याच्या विहाराला सनद दिली, त्याच घराण्याचे राज्य लुटले. व्यापाराच्या स्पर्धेपुढे स्नेह टिकला नाही म्हणावे, तर विहार टिकला. 1090 मध्ये कुलोत्तुंग चोळाने त्याच्या इनामांना पुन्हा मान्यता दिली.

एकोणिसाव्या शतकापर्यंत तेथे विटांचा तीन मजली मनोरा उरला होता. गोरे लोक त्याला ‘चिनी पॅगोडा’ म्हणत. खलाशी दर्यावरून त्याची खूण धरीत. 1856 पासून आसपास बुद्धाच्या कांस्यमूर्ती सापडू लागल्या. त्यांची संख्या पुढे साडेतीनशेच्या घरात गेली. एवढे महत्त्व डोळ्यांपुढे असता, 1867 साली मद्रास सरकारच्या अनुमतीने जेझुइट पाद्र्यांनी तो मनोरा पाडून टाकला. चोळांच्या आरमारी युद्धातून वाचलेली वास्तू एका सरकारी होकाराने गेली, हे मनाला लागते.

ताम्रपट मात्र त्याआधीच देशाबाहेर गेले होते. व्यंकोजीराजांच्या काळीही हे बंदर डचांच्या हाती होते. 1658 ते 1781 पर्यंत त्यांचा अंमल चालला. पुढे ते पत्रे हॉलंडात पोहोचले आणि ‘लायडनचे ताम्रपट’ म्हणून विद्वानांना ठाऊक झाले. मूर्तींपैकी कित्येक चेन्नईच्या संग्रहालयात आहेत. नागपट्टणला मनोरा नाही. आनैमंगलम मात्र आहे, त्याच नावाने.