ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांचें नाटक व त्याची वेषभूषा

इंग्लंडांतील ऑक्सफर्ड विद्यापीठ नाटकाच्या बाबतींत फार दिवस कडक होतें. विद्यार्थ्यांनीं तोंडाला रंग फांसून लोकांपुढें उभें राहावें, ही गोष्ट तेथील वडीलधाऱ्यांना शिस्तीस सोडून वाटे. १८८५ सालीं 'ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी ड्रॅमॅटिक सोसायटी' स्थापन झाली, तेव्हां बेंजामिन जोवेट हे प्लेटोचे प्रख्यात भाषांतरकार व्हाइस-चॅन्सेलर होते. त्यांच्या अनुमतीनें नाटकाला दार उघडलें. मात्र नाटकें शेक्सपिअरचीं किंवा प्राचीन ग्रीकांचीं असावींत व स्त्रीभूमिका स्त्रियांनींच कराव्या, असा दंडक पडला. शेजारच्या केंब्रिजमध्यें १८८२ पासून सुरू झालेल्या ग्रीक नाटकांत बहुधा विद्यार्थीच स्त्रीवेष घेत. ऑक्सफर्डला तें रुचलें नाहीं.

पण स्त्रिया आणावयाच्या कोठून? विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलींना १९२० सालीं पदव्या मिळूं लागल्या, तरी या संस्थेच्या रंगभूमीवर त्यांना मज्जावच होता. ज्या मुलीला बी. ए. होण्याचा अधिकार आहे तिला जुलिएट होण्याचा नाहीं, असा हा न्याय! नायिका हवी असेल तर ती लंडनहून, धंदेवाईक नटींतून यावयाची.

१९३२ सालीं संस्थेनें 'रोमिओ अँड जुलिएट' हें नाटक घेतलें. जॉर्ज डिव्हाइन हा विद्यार्थी तेव्हां संस्थेचा अध्यक्ष होता. दिग्दर्शनासाठीं त्यानें जॉन गिलगुड या तरुण नटास पाचारण केलें. गिलगुडचें हें पहिलेंच दिग्दर्शन. जुलिएटसाठीं पेगी ॲशक्रॉफ्ट व दाईसाठीं ईडिथ एव्हन्स आल्या. रोमिओ ख्रिस्तोफर हॅसल हा विद्यार्थी झाला, तर मर्क्युशिओ स्वतः डिव्हाइन. पोशाखांचें काम मात्र नांव नसलेल्या तीन मुलींकडे गेलें. सोफी व मार्गारेट हॅरिस या बहिणी आणि त्यांची मैत्रीण एलिझाबेथ मॉन्टगॉमरी चित्रकला शिकल्या होत्या. ओल्ड व्हिक नाट्यगृहांत बसून त्या नटांचीं चित्रें काढीत. तीं पाहूनच गिलगुडशीं त्यांची ओळख झाली. तिघींनीं मिळून 'मोटली' असें एकच नांव धारण केलें. मोटली म्हणजे राजदरबारांतील विदूषकाचा रंगीबेरंगी पोशाख. शब्द शेक्सपिअरच्याच नाटकांतला.

त्यापूर्वीं इंग्रजी रंगभूमीवर भरजरी व ऐतिहासिक बारकाव्यांनीं लादलेल्या पोशाखांचा थाट असे. हौशी मंडळ्या तर पुष्कळदां भाड्याचे कपडे आणीत. ते आदल्या नटाच्या मापाचे, आणि आदल्या नाटकाचेही! नवख्या विद्यार्थ्याची चाल आधींच अवघडलेली असते. खांद्यावर मणभर मखमल पडली कीं तो हात हालविण्याचेंच विसरतो. मोटलींचा मार्ग निराळा होता. साधें कोरें सुती कापड, फेल्ट अशा स्वस्त वस्तू घ्यावयाच्या, त्या रंगवावयाच्या, आणि काळाचा भास केवळ आकृतीनें व रंगानें साधावयाचा. दुरून दिव्यांच्या उजेडांत दिसतें तें कापडाचें मोल नव्हे, त्याची घडी व छटा, हें त्यांनीं ओळखलें होतें.

या एका प्रयोगानें तिघींचें नशीब उघडलें. पुढें डिव्हाइननेंच त्यांच्या धंद्याचा हिशेब पाहिला, व सोफीशीं विवाहही केला. १९३५ सालीं गिलगुडनें लंडनमध्यें तेंच नाटक पुन्हां उभें केलें. त्यांत तो व लॉरेन्स ऑलिव्हिए रोमिओ आणि मर्क्युशिओ यांच्या भूमिका आळीपाळीनें करीत, आणि रूपरेखा मोटलींचीच होती. मार्गारेट हॅरिस यांनीं १९६६ पासून नाट्यरेखनाचा अभ्यासक्रम चालविला; २००० सालीं त्या वारल्या.

ऑक्सफर्डला स्वतःच्या मुली रंगमंचावर नको होत्या, पण वेष बेतणारे हात स्त्रियांचेच लागले. त्या हातांचीं हजारों रेखाचित्रें १९८१ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठानें घेतलीं. कांहीं चित्रांशीं मूळ कापडाचे तुकडेही आहेत.