तिकिटाचा छापील दर आणि खरा दर

जुन्या नाटकमंडळ्यांचीं तिकिटें व हस्तपत्रकें संग्राहक जपून ठेवतात. त्यांवरील छापील दर हें साधन उत्तम खरें. परंतु श्रोत्यानें प्रत्यक्ष काय मोजलें, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. मागणी वाढली कीं, छापील व खऱ्या दरांतील फरक कोणाच्या तरी पदरांत पडतोच. तो कोणाच्या, हाच तिकिटांच्या काळ्या बाजाराचा मूळ प्रश्न होय.

जेथें तिकीट नाहीं तेथें हा प्रश्नहि नाहीं. डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या परिसरांत वारली पाड्यावर तारपा वाजूं लागला म्हणजे वादकाभोंवतीं फेर धरणारे हेच श्रोते असतात. मराठी नाटक 1843 सालीं सांगलीस राजाश्रयाखालीं उभें राहिलें. पुढें 1853 सालीं विष्णुदास भावे यांनीं मुंबईस ग्रँट रोडच्या नाट्यगृहांत तिकिटें लावून प्रयोग केले, तेव्हां आसन ही विक्रीची वस्तु झाली.

8 जुलै 1921 रोजीं मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहांत गंधर्व व ललितकलादर्श या मंडळ्यांनीं ‘संयुक्त मानापमान’ केलें. बालगंधर्व भामिनी व केशवराव भोसले धैर्यधर झाले होते. वरचा दर 100 रुपयांपर्यंत होता आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास गेलें. मागणीचा लाभ येथें दलालास न जातां उघडपणें सार्वजनिक कार्यास मिळाला. मात्र गरीब रसिकास तो दर झेपणारा नव्हता.

याच्या उलट प्रकार 2024 सालचा. नवी मुंबईंत जानेवारी 2025 मध्यें व्हावयाच्या कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या जलशांचीं 2,500 ते 35,000 रुपयांचीं तिकिटें 22 सप्टेंबर रोजीं निघालीं. तीं हातोहात संपलीं व अन्यत्र लाखांच्या भावानें विक्रीस दिसूं लागलीं. या प्रकारावरील जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयानें जानेवारी 2025 मध्यें फेटाळली. नियम करणें हें विधिमंडळाचें व शासनाचें काम, असें न्यायालयाचें मत पडलें. आयर्लंडनें 2021 सालीं कायदा करून छापील दराहून अधिक भावानें होणारी फेरविक्री रोखिली आहे.

तात्पर्य, केवळ दर चढवून दलाल हटतो, पण त्याबरोबर सामान्य श्रोताहि हटतो. तिकीट नांवाशीं बांधणें व नको असलेलें तिकीट छापील दरानेंच परत घेण्याची सोय ठेवणें, हाच मार्ग दोहोंस न्याय देणारा दिसतो. संग्राहकांसहि विनंति कीं, तिकिटाबरोबर त्या काळचीं खासगी पत्रें व खर्चाच्या वह्याहि जपाव्या. खरा दर सांपडला तर तेथेंच सांपडेल.