वाटाण्याचे रोप

मागे रजा काढून बडोद्याला गेलो होतो. राजवाड्याआधी कलाभवन बघितले. सयाजीरावांनी १८९० साली स्थापन केलेल्या याच संस्थेत त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले.

त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधीची एक गोष्ट आपण विसरतो. विमा पॉलिसी गहाण टाकून फाळके १९१२ साली लंडनला जाऊन आले. तिथून मागवलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी काय टिपले, तर कुंडीतले वाटाण्याचे रोप! रोज थोडी थोडी चित्रे घेत राहिले. पडद्यावर मात्र ते रोप बघता बघता वाढले. ती फिल्म पाहून लोकांचा विश्वास बसला, कर्ज मिळाले आणि 'हरिश्चंद्र' उभा राहिला.

सावेदादांनी मुंबईत १८९९ मध्येच कुस्ती चित्रित केली होती, हे खरे. पण कुस्ती समोर घडते. रोपाचे वाढणे कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. ते फाळक्यांनी दाखवले. आपल्या माहितीपटाचे मूळ मला तरी तिथेच दिसते.

परवा लेकीने शाळेसाठी वाटीत अळसांदे भिजत घातले. दुसऱ्याच दिवशी कंटाळली! मग मी तिला ही गोष्ट सांगितली. आता ती रोज सकाळी वाटी बघते.