जालन्याजवळचं बेथेल : गावकुसाबाहेरच्यांचं गाव

सेलूहून जालन्याला आपलं कायम जाणं-येणं. बाजार, दवाखाना, लग्नकार्य, काही ना काही असतंच. पण या जालन्याजवळ दीडशे वर्षांपूर्वी एक वेगळंच गाव वसलं होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? गावाचं नाव बेथेल. बायबलमधला शब्द, अर्थ 'देवाचं घर'.

मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं गोरा साहेब येतो. बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री मात्र ब्राह्मण घरात जन्मलेले. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि 1843 मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यालाही मिशनऱ्यांनी ठेवून घेतलं, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टानं मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. त्यावरून मुंबईत केवढा वाद पेटला!

नारायणराव 1860 च्या दशकात निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी सवलतीनं जमीन मिळवली आणि गाव वसवलं. चर्च, शाळा, घरं. राहायला आली ती मुख्यतः मातंग आणि महार समाजातली कुटुंबं.

इंग्लंडच्या खेड्यात मधोमध चर्च असतं आणि त्याभोवती 'पॅरिश', म्हणजे त्या चर्चची हद्द. तिथं 1538 पासून बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम आहे. त्यामुळं साध्या मजुराचंही नाव वहीत सापडतं. बेथेलचा नकाशा तसाच, चर्चभोवतीचा. पण आपल्याकडं त्याचा अर्थ फार मोठा होता. ज्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर, ज्यांना पाणवठ्यावर मज्जाव, तीच माणसं इथं गावाच्या मधोमध राहिली. शाळेत त्यांचीच पोरं पुढं बसली.

हे सगळं धर्मप्रसारासाठीच होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. धर्मांतरावर ज्याचं त्याचं मत असू द्या. माझा प्रश्न वेगळा आहे : माणसाला मान मिळवायला स्वतःचं गाव सोडून दुसरं गाव का वसवावं लागलं?

आणि धर्म बदलला म्हणून जात सुटली का? नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिश्चन बाहेरच राहिले. या प्रश्नासाठी केंद्रानं 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. म्हणजे गावकुसाचा विषय अजून मिटलेला नाही.

आपण इतिहास म्हणून गढ्या, देशमुखी, निजामी राजवट एवढंच सांगत बसतो. वेशीबाहेरच्या वस्तीचा इतिहास कोण लिहिणार? तुमच्या घरात मोडी, उर्दू कागद असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या : आपल्या गावात विहिरी किती होत्या, आणि कोणती कोणाची?

सेलू तालुक्यातलं असं काही माहीत असेल तर खाली नक्की लिहा.