मूळ गावाचा शोध

आपली काही घराणी परगावाहून लोणारास येऊन स्थिरावली. ‘आम्ही मूळचे कोठले?’ असे पुसणाऱ्या तरुणांस आम्ही प्रथम मेहकरची वाट दाखवितो. कारण लोणार पूर्वी त्याच तालुक्यात मोडत असे. कोतवाल-बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदींत पुष्कळदा आडनाव नसते. म्हणून बाप व आजा यांची नावे जुळवून पाहावीत. 1853 पूर्वी वऱ्हाड निजामाकडे होते. त्या काळचा माग या बुकांत लागणार नाही. त्यासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी चाळाव्यात. तेथे यात्रेकरूंच्या पिढ्या गावानिशी नोंदलेल्या आढळतात. खरी अडचण मोडी लिपीची आहे. ती वाचणारे विरळ झाले. घरटी एकाने तरी मोडी शिकावी. एरव्ही कागद उरतील, पूर्वज मात्र मुके होतील.