आठ सेकंदांची नळी: कमी पैशांत ट्रायथलॉनची सायकल

१/ शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, ती गुळाच्या व्यापारासाठी. इथे माल पारखल्यावाचून सौदा होत नाही, असे आम्ही शाहूपुरीकर अभिमानाने सांगतो. तरीही राजाराम तलावावरची ‘बर्गमन ११३’ जवळ आली, की पहिल्यांदा ट्रायथलॉनला उतरणारी मुले सगळे साठवलेले पैसे एका कार्बन फ्रेमवर लावायला निघतात. मित्रहो, त्याआधी या सायकलीचा इतिहास वाचा.

२/ १८ फेब्रुवारी १९७८. हवाईतील ओआहू बेटावर पहिली ‘आयर्नमॅन’ झाली: ३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणे. १५ जण उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली. ‘ट्रायथलॉनची सायकल’ नावाची वस्तू तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

३/ पहिला मोठा बदल बर्फावरून आला. बून लेनन हा अमेरिकेतील स्कीइंगचा प्रशिक्षक. उतारावर स्कीपटू हात पुढे जुळवून, अंग चोरून वारा कापतो. तीच बैठक सायकलीवर आणण्यासाठी त्याने हँडलला जोडायची एक वाकवलेली नळी तयार केली. कोपरे टेकायची, हात पुढे न्यायचे, एवढेच. १९८७ च्या सुमारास ट्रायथलॉनपटूंनी हा ‘एरोबार’ उचलला. परंपरेचे ओझे नसलेला खेळ तो. युरोपातील मुरब्बी सायकलपटू मात्र दूरच राहिले.

४/ मग आला २३ जुलै १९८९, टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस. व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किमी, प्रत्येकाने एकट्याने घड्याळाशी लढायचे. लोराँ फिन्यो ५० सेकंदांनी पुढे होता. त्याच्या सायकलीची दोन्ही चाके भरीव चकतीची, म्हणजे वारा कापण्याचे त्या काळचे महागडे साधन. पण हँडल जुन्या धाटणीचे आणि डोके उघडे, मागे केसांची शेपटी. ग्रेग लमाँडकडे चकती फक्त मागच्या चाकाला होती, पण डोक्यावर निमुळते हेल्मेट होते आणि हँडलला ती नळी. त्याने ५८ सेकंद भरून काढले आणि संपूर्ण शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. शेपटीमुळे किती सेकंद गेले, यावर सायकलवेडे आजही भांडतात!

५/ सपाट रस्त्यावर तीसेक किमीच्या वेगानंतर बहुतेक शक्ती वारा ढकलण्यात जाते, आणि वाऱ्याला अडवते ते मुख्यतः माणसाचे शरीर. फ्रेमचा वाटा त्या मानाने लहान.

६/ मग खास फ्रेम कशासाठी? साध्या रोड सायकलीवर एरोबार धरून वाकले, की मांड्या पोटाशी येतात आणि कंबर आवळते. म्हणून १९८०च्या दशकाच्या शेवटी डॅन एम्पफील्डने ‘क्विंटाना रू’च्या सायकलीत सीटची नळी अधिक उभी केली. रोड फ्रेमला हा कोन साधारण ७२ ते ७४ अंश असतो, ट्रायथलॉनच्या फ्रेमला ७६ ते ८०. स्वार पुढे सरकतो आणि कंबर मोकळी होते. क्रम लक्षात घ्या: आधी नळी, तिच्यासाठी नंतर फ्रेम.

७/ कमी पैशांत हाच क्रम पाळावा, असे माझे मत. मापाची रोड सायकल असेल तर प्रथम एरोबार आणि जाणकाराकडून बैठक जुळवून घेणे. मग चांगले टायर आणि हेल्मेट. सीट थोडी पुढे घेतली, तर उभ्या कोनाचा बराच लाभ फुकटात मिळतो. अति पुढे मात्र नको. पुढच्या चाकावर भार वाढून रोड सायकल चंचल होते. आणि पन्हाळ्याच्या चढावळणांवर ब्रेकजवळ हात हवेत, तिथे एरोबार धरूच नये.

८/ फ्रेम घ्यायचीच असेल तर वापरलेली चालेल, पण मापात तडजोड नको. टायर, सीट, हँडल बदलता येते. फ्रेमची लांबी बदलत नाही. जुन्या कार्बनवर बॉटम ब्रॅकेटपाशी, सीटच्या नळीच्या तोंडाशी आणि पुढच्या चिमट्यावर तडे शोधा. रंगावरचा ओरखडा कोणता आणि आतवर गेलेला तडा कोणता, हे सायकल उघडून पाहणाऱ्या कारागिराला विचारूनच पैसे मोजा. विकणारा ती उघडू देत नसेल, तर सौदा सोडून द्या.