दारूगोळ्याचा साठा आणि राज्याचे सामर्थ्य : अहमदनगरच्या वेढ्यापासून पुलगावपर्यंत एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) शहराच्या उत्तरेस मनमाड रस्त्यावर नागापूरची औद्योगिक वसाहत आहे, तर शहराच्या पूर्व अंगास निजामशाहीचा भुईकोट किल्ला. या परिसरात चाँदबिबीची एक दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. इ.स. १५९५ च्या डिसेंबरमध्ये शहजादा मुरादच्या मोगल फौजेने किल्ल्यास वेढा घातला. किल्ल्यातील तोफगोळे संपले तेव्हा चाँदबिबीने आधी तांब्याची, मग रुप्याची, मग सोन्याची नाणी तोफांत भरली आणि अखेरीस जडजवाहीर भरण्याची वेळ आल्यावरच तहाची बोलणी मान्य केली, असा या कथेचा आशय आहे. खाफीखानाने रुप्याच्या गोळ्यांचा उल्लेख केला आहे आणि एल्फिन्स्टनने ही कथा स्थानिक परंपरा म्हणून नोंदविली आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाने या कथेस दंतकथा म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. तथापि तिला एक वास्तवाचा आधार आहे. इ.स. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत हुसेन निजामशहाच्या तोफखान्याचा प्रमुख चलबी रूमीखान याने तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून जवळून मारा केल्याचे फिरिश्ता सांगतो. तेव्हा नाणे हे प्रसंगी गोळी होऊ शकते, हे नगरच्या लोकांना ठाऊक होते. कथेचे मर्म मात्र याहून खोल आहे. साठा संपल्यावर गोळीची किंमत कोठवर चढते, याचे लोकमानसाने केलेले ते मोजमाप आहे. दारूगोळा दुर्मिळ होत जातो आणि महाग होत जातो तेव्हा राज्यकर्ते काय करतात, साठा किती व कसा करतात आणि तो साठा त्यांना खरोखर तारतो काय, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

दारूगोळ्याचे घटक व त्यांचे उगम

बंदुकीची काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक या तीन पदार्थांची बनते. उत्तम दारूत सुमारे तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचा असतो. कोळसा कोठेही तयार करता येई. सोरा दख्खनमध्ये गावाजवळच्या खारट मातीतून काढला जाई. पण मुबलक व उत्तम प्रतीचा सोरा बिहारमध्ये मिळे. गंधक आणि गोळ्यांसाठी लागणारे शिसे यांसाठी मात्र मोठ्या प्रमाणावर समुद्रमार्गे होणाऱ्या व्यापारावर अवलंबून राहावे लागे. शिसे हा युरोपीय कंपन्यांच्या जहाजांतून येणारा नित्याचा माल होता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दख्खनच्या राज्यकर्त्यांना लोखंडी गोळे व तोफा येथे घडविता येत होत्या. विजापुरात असलेली प्रसिद्ध 'मलिक-ए-मैदान' तोफ इ.स. १५४९ मध्ये अहमदनगर येथेच मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली होती. कारागिरीची वाण नव्हती. उणीव होती ती कच्च्या मालाच्या वाटांवरील ताब्याची. ज्याच्या हाती बंदर, त्याच्या हाती शिशाचा आणि गंधकाचा भाव, अशी ही स्थिती होती.

खरेदीची नीती : शिवकाल

छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात या परावलंबनाची जाणीव स्पष्टपणे दिसते. इ.स. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला असता राजापूरच्या इंग्रज वखारीतील हेन्री रेव्हिंग्टन याने सिद्दीला दारूगोळा पुरवून किल्ल्यावर मारा करण्यास साह्य केले. त्याचे प्रत्युत्तर म्हणून इ.स. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि इंग्रजांना कैदेत टाकले. ही घटना बहुधा विश्वासघाताच्या शिक्षेच्या अंगाने सांगितली जाते. पुरवठ्याच्या अंगाने पाहिल्यास तिचा अर्थ असा, की दारूगोळा विकणारा व्यापारी हा तटस्थ नसतो. तो ज्याला विकतो त्याच्या बाजूने लढतो.

पुढे सुरत व मुंबईचे इंग्रज मोगलांचा रोष ओढवेल या भीतीने महाराजांना तोफा विकण्याबाबत टाळाटाळ करीत राहिले. अशा वेळी महाराजांनी विक्रेत्यांतील परस्पर स्पर्धेचा उपयोग केला. इ.स. १६७३ च्या सुमारास फ्रेंचांकडून ऐंशी तोफा आणि मोठ्या प्रमाणावर शिसे खरेदी केल्याचा उल्लेख मिळतो. एक दार बंद झाले तर दुसरे उघडे असावे आणि मिळते आहे तोवर घेऊन गडावर ठेवावे, असे या नीतीचे स्वरूप होते. गडांची संख्या मोठी असल्याने साठाही विखुरलेला राहिला. एक गड गेला तरी सर्व संचय एकाच वेळी शत्रूच्या हाती पडत नसे.

साठ्याची निगा : आज्ञापत्रातील विचार

खरेदी केलेला माल टिकविणे हे खरेदीइतकेच कठीण होते. काळी दारू ओल धरते. सोऱ्यात अशुद्ध क्षार असतील तर ती लवकर ओलावते, तिचे गठ्ठे बनतात आणि ती पेट घेत नाही. सह्याद्रीच्या पावसात चार महिने ढगात बुडालेल्या गडावर ही अडचण किती मोठी असेल, याची कल्पना करता येते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील (इ.स. १७१५ च्या सुमारास) दुर्गविषयक प्रकरणात या प्रश्नाचे अत्यंत व्यवहारी उत्तर आढळते. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ असू नये, त्याभोवती दाट झाडांचे कुंपण असावे, आत गच केलेले तळघर असावे, दारू जमिनीवर न ठेवता माचावर ठेवावी आणि बाण, होके इत्यादींस सर्दी लागू देऊ नये, असे त्यात सांगितले आहे. त्याहून महत्त्वाची आहे ती पुढील सूचना. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी. दारूखान्यावर रात्रंदिवस पहारा असावा व परवानगीवाचून कोणासही जवळ येऊ देऊ नये, असाही दंडक आहे.

या सूचनांतील मुद्रा करण्याचा तपशील विशेष लक्षणीय आहे. दारू उघडणे, वाळविणे आणि मुद्रा करून बंद करणे यांत एका जबाबदार अधिकाऱ्याची वेळोवेळी प्रत्यक्ष पाहणी गृहीत धरली आहे. आज्ञापत्रकाराच्या दृष्टीने साठा हा कोठारात टाकून विसरण्याचा ऐवज नव्हता. धान्याच्या कणगीप्रमाणे तो हात फिरता ठेवण्याचा ऐवज होता. याच ग्रंथात टोपीकर व्यापाऱ्यांचे बळ आरमार, तोफा आणि दारूगोळा यांत आहे, असा इशाराही दिलेला आहे. निगा आणि उगम या दोन्ही बाजूंची जाण एकाच ग्रंथात एकत्र आढळते, हे त्याचे वेगळेपण होय.

उत्पादनाचे प्रयत्न व पुरवठ्याचा संकोच : पेशवेकाल

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोफखाना हा मराठी फौजेचा आवश्यक भाग झाला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत इ.स. १७६५-६६ च्या सुमारास जुन्नर परिसरातील अंबेगव्हाण येथे तोफगोळ्यांचा कारखाना उभारण्यात आला. उत्तरेत महादजी शिंद्यांनी आग्र्यास तोफा व बंदुका तयार करविल्या. तेथे संगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली अल्प खर्चात उत्तम बंदुका बनत. मराठ्यांच्या तोफांचा दर्जा त्यांच्या इंग्रज प्रतिस्पर्ध्यांनीही मान्य केला होता.

परंतु याच काळात पुरवठ्याच्या वाटा आक्रसत होत्या. प्लासीनंतर इ.स. १७५८ मध्ये बिहारच्या सोऱ्याचा मक्ता क्लाइव्हने मीर जाफरकडून कंपनीसाठी मिळविला. त्यानंतर डचांसारख्या बलाढ्य व्यापाऱ्यांनाही सोऱ्यासाठी इंग्रजांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागले. फ्रेंचांची सत्ता क्षीण झाल्याने शिवकालात उपयोगी पडलेली विक्रेत्यांतील स्पर्धाही संपत आली. विक्रेता एकच उरला की भाव तोच ठरवितो, आणि तोच उद्याचा शत्रू असेल तर भाव रुपयांत मोजता येत नाही.

इ.स. १८०३ : अहमदनगरचा दाखला

अहमदनगरचा किल्ला इ.स. १७५९ मध्ये पेशव्यांकडे आणि इ.स. १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांकडे आला. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने नगरची पेठ हल्ला करून घेतली आणि १२ ऑगस्ट रोजी किल्ला शरण आला. दोन शतकांपूर्वी ज्या किल्ल्याने मोगलांच्या सुरुंगांना तोंड देऊन एका रात्रीत खिंडार बुजविले होते, तो चार दिवसांत पडला.

या घटनेचा परिणाम एका किल्ल्यापुरता मर्यादित राहिला नाही. वेलस्लीने नगर हे आपल्या रसदीचे ठाणे बनविले. पुण्याकडून येणारी वाट सुरक्षित झाली आणि पुढील महिन्यात, २३ सप्टेंबर रोजी, असईची लढाई त्याने या आधारावर लढली. त्याच हंगामात उत्तरेत लेकने सप्टेंबरमध्ये अलीगड व ऑक्टोबरमध्ये आग्रा घेतले. आग्र्याबरोबर शिंद्यांची शस्त्रनिर्मितीची यंत्रणाच हातची गेली. असई येथे गमावलेल्या तोफांच्या जागी नव्या तोफा ओतणे त्यामुळे दुरापास्त झाले. शिंद्यांजवळ साठा होता. त्या साठ्यामागचा झरा आटला.

ठासणीच्या बंदुकीपासून काडतुसापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाचे स्वरूप पालटले. ठासणीची बंदूक वापरणारा शिपाई शिसे वितळवून साच्यात स्वतःच्या गोळ्या ओतू शकत असे. पितळी काडतुसाच्या रायफलीने ही मुभा संपविली. काडतुसाचे पितळी कवच, त्याच्या बुडाशी बसविलेली टोपी आणि आतील दारू ही कारखान्यातच तयार होऊ शकत होती, आणि तीही ठरावीक मापाच्याच नळीत चालत होती. खडकी येथे इ.स. १८६९ मध्ये स्थापन झालेला दारूगोळा कारखाना आणि इ.स. १८७८ चा शस्त्रास्त्र कायदा यांचा एकत्रित विचार केल्यास वासाहतिक सत्तेने निर्मिती आणि बाळगण्याचा परवाना ही दोन्ही टोके आपल्या हाती ठेवल्याचे दिसून येते.

मापाच्या या बंधनातून एक नवी अडचण निर्माण झाली. सैन्याने माप बदलले की जुन्या मापाचा साठा अतिरिक्त ठरतो. काही काळ तो मुबलक व स्वस्त असतो, मग निर्मिती मंदावते आणि तोच दुर्मिळ होऊ लागतो. भारतीय सैन्याने इ.स. १९६० च्या दशकात .३०३ रायफल सोडून ७.६२ मि.मी. मापाचा स्वीकार केला. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा काडतूस कारखाना याच दशकात, इ.स. १९६४ मध्ये, उभा राहिला. जुन्या .३०३ रायफली मात्र पोलीस दलांकडे राहिल्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी त्यांना निरोप दिला तो इ.स. २०२० मध्ये. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या प्रधान समितीने काडतुसांच्या तुटवड्यामुळे पोलिसांच्या गोळीबार सरावावर झालेल्या परिणामाकडे लक्ष वेधले होते. साठा तुटपुंजा असला की तो जपून ठेवण्याकडे कल होतो आणि जपून ठेवलेल्या काडतुसाने शिपायाचा हात तयार होत नाही. काटकसरीची खरी किंमत अशा प्रसंगी शिपाई मोजतो.

साठ्याचे दोन धोके

स्वतंत्र भारताच्या अनुभवात साठ्याचे दोन्ही धोके दिसून येतात. पहिला धोका उणिवेचा. सैन्याकडे चाळीस दिवसांच्या तीव्र युद्धास पुरेल इतका दारूगोळा असावा, असे मानक होते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या इ.स. २०१५ च्या अहवालानुसार मार्च २०१३ मध्ये १७० पैकी निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसांनाही पुरणारा नव्हता. इ.स. २०१७ च्या अहवालात हे प्रमाण ४० टक्के होते.

दुसरा धोका जीर्णतेचा. वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा कोठारात ३१ मे २०१६ रोजी भीषण आग लागली. तीत दोन अधिकाऱ्यांसह अनेक जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुलगावजवळच जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन पुन्हा जीवितहानी झाली. मृतांत मजुरीसाठी आलेले गावकरीही होते. एकाच देशात, एकाच दशकात, एकीकडे उपयुक्त काडतुसांची टंचाई आणि दुसरीकडे निरुपयोगी दारूगोळ्याचे ओझे अशी ही विसंगती आहे. दर पंधरवड्यास दारूला ऊन देण्यास सांगणाऱ्या आज्ञापत्राचा विचार येथे आठवल्यावाचून राहत नाही.

निष्कर्ष

१. दारूगोळ्याच्या टंचाईचे व भाववाढीचे मूळ बहुतांशी कच्च्या मालाच्या आणि विक्रीच्या वाटांवरील ताब्यात आढळते. कारागिरीचा अभाव हे त्याचे प्रमुख कारण दिसत नाही.

२. मिळते आहे तोवर खरेदी करून साठविणे ही शहाणपणाची पण मर्यादित नीती आहे. शिवकालात ती यशस्वी ठरली, कारण विक्रेते अनेक होते आणि साठा विखुरलेला होता. इ.स. १८०३ मध्ये या दोन्ही अटी उरल्या नव्हत्या.

३. साठा नाशवंत असतो. त्याची निगा, फिरवाफिरव आणि वेळेवर विल्हेवाट ही खरेदीइतकीच खर्चाची व जबाबदारीची कामे आहेत. ती टळली की साठा राखणाऱ्याच्याच जिवावर उठतो.

४. काडतुसाच्या युगात स्वस्त अतिरिक्त साठा हा मापाच्या आयुष्याशी बांधलेला असतो. त्यावर दीर्घकाळ विसंबणारे दल अखेरीस सरावास मुकते.

चाँदबिबीच्या कथेत जडजवाहीर तोफेत भरण्याची वेळ येते, तेव्हा श्रोत्याला तिच्या शौर्याचा अभिमान वाटतो. त्या शौर्याला तशी वेळ का आली, हा प्रश्न कथा विचारीत नाही. तो विचारणे हे इतिहासाचे काम आहे. वेढ्याच्या शेवटी वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले होते, हे त्या गोळ्यांचे खरे मोल होय.